बाल्कनीतल्या मिरच्या आणि हाउसफुलची पाटी

पिक्चर कशामुळे चालतो हे सांगणाऱ्यांची आमच्या गावात कधी टंचाई नसते. चहाच्या टपरीवरचा सांगतो, हिरोमुळे. आमच्या गल्लीत कॉलेजात शिकवणारे एक सर आहेत, ते सांगतात, कथेच्या ताकदीमुळे. मोबाइलवर तर रोज कोणीतरी डोळे विस्फारून सांगत असतो की अमक्या पिक्चरनं सगळे रेकॉर्ड मोडले आणि तमक्यानं इतिहास घडवला. मी सगळं आयुष्य थिएटर चालवण्यात घालवलं, मला कोणी विचारत नाही. विचारलं तरी मी खरं सांगत नाही. ज्या पिक्चरनं आमच्या थिएटरचं आजवरचं रेकॉर्ड मोडलं, तो कशामुळे चालला हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते उघड सांगितलं तर नंदुरबारचे लोक मला धरून झोडतील.

आम्ही राजस्थानातून आलेले व्यापारी. आलेले म्हणजे आजोबा आले, आम्ही इथंच जन्मलो. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, सरकारी ऑफिसात शाळेतली मराठी आणि थिएटरात हिंदी, असं आमचं चालतं. आजोबांनी मिरचीचा धंदा घातला. वडिलांना पिक्चरचा नाद, त्यांनी स्टेशनाच्या अलीकडे थिएटर बांधलं. वडील गेल्यावर मिरची मोठ्या भावाकडे गेली आणि थिएटर माझ्याकडे आलं. आलं म्हणजे चालवायला आलं. जागेवर नाव दोघांचं आणि शेवटचा शब्द मोठ्या भावाचा. त्यांना आम्ही भाईसा म्हणतो. धंदा त्यांचा चालायचा, माझा फक्त उघडा असायचा.

भाईसांच्या डोळ्यांविषयी आधी सांगितलं पाहिजे. मिरचीच्या हंगामात बाहेरचा माणूस नंदुरबार स्टेशनावर उतरला की आधी शिंकतो, मग रिक्षा शोधतो. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरच्या वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो. तिथं कामाला येणाऱ्या बाया नाकातोंडाला फडकं बांधून बसतात. भाईसा त्याच पथारीवर उघड्या तोंडानं डबा खातात. मिरचीच्या ढिगात घातलेला हात तसाच डोळ्याला लावताना मी त्यांना पाहिलं आहे, पाण्याचा थेंब नाही. भाभीसा, म्हणजे त्यांची बायको, गेल्या तेव्हाही थेंब नाही. सगळं घर रडत होतं आणि हे अंगणात उभं राहून खुर्च्या कमी पडतील, अजून मागवा, असं सांगत होते. बायका आपसात म्हणाल्या, मिरचीनं डोळेच मेले यांचे. मला तेव्हा फार राग आला होता. तो नंतरही पुरता गेला नव्हता.

कारण भाभीसा म्हणजे आमच्या थिएटरचं खरं गिऱ्हाईक. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की त्या गल्लीतल्या बायकांना घेऊन बाल्कनीत हजर. पहिल्या रांगेत भिंतीकडची खुर्ची त्यांची, तिथं दुसरं कोणी बसत नसे. मारामारी सुरू झाली की डोळे मिटून घ्यायच्या आणि शेजारणीला विचारत राहायच्या, झाली का, संपली का. पिक्चर संपत आला की भाईसा त्यांना घ्यायला यायचे. पिक्चर बघणं म्हणजे वेळ घालवणं असं त्यांचं मत, पण थोडा वेळ भाभीसांच्या शेजारी येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, पंख्याखाली बसायला आलो.

भाभीसा गेल्या आणि त्याच हंगामात भाईसांनी बाल्कनीत वाळलेल्या मिरच्यांची पोती लावली. म्हणाले, वर कोण बसतं आता, जागा वाया जाते आहे. मी पुष्कळ भांडलो. घरातलं माणूस गेलं तरी जागा वाया जाऊ द्यायची नाही, असला हा व्यापारी, असं मनातल्या मनात म्हटलं. जिना बंद झाला. मी खालच्या निम्म्या रिकाम्या हॉलमध्ये पिक्चर दाखवत राहिलो आणि डोक्यावर मिरच्या.

मग काही वर्षांनी एका होळीनंतर त्यांनी सांगितलं की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की थिएटर बंद. खालीही पोती लावायची, खुर्च्या भंगारात. मी हातापाया पडायचा तेवढा राहिलो. शेवटी म्हणाले, "आखाजीला मोठा पिक्चर येतोय म्हणतोस ना? मग आठवडाभर भरून दाखव. बाल्कनीसकट. भरलं तर ठेव तुझं थिएटर."

"आणि नाही भरलं तर?"

"तर पथारीवर ये. ऊन असतं, छत्री देईन."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला छत्री. त्या रात्री मी जेवलो नाही. मला दुसरं काही येत नाही हो. मिरचीतली उजवीडावी मला कळत नाही, हिशेबात मी कच्चा. मला एवढंच येतं की दिवे कधी मालवायचे आणि मध्यंतरात वडे गरम कसे ठेवायचे.

पिक्चर आला तो म्हणजे काय सांगू. हिरो एकटा, समोर हजार गुंड, आणि सगळ्या जीपगाड्या हवेत. हिरोची आई सुरुवातीलाच मरते, तेही उभ्या उभ्या, आणि मग तिची पुन्हा कोणाला आठवण येत नाही. भुसावळहून वितरकाचा माणूस आला होता, काळा गॉगल लावून. त्यालाही बाल्कनी उघडी हवी होती. भाईसांनी बोलल्याप्रमाणे बाल्कनी मोकळी करायला हमाल दिले. पिक्चर लागायच्या आदल्या संध्याकाळी पोती उतरली, पण ती जुनी, ठिगळांची पोती. पायऱ्यांवरून ओढत नेताना निम्मी मिरची वरच राहिली असं म्हटलं तरी चालेल.

झाडायला आम्ही दोघंच, मी आणि चाचा. चाचा म्हणजे आमचे ऑपरेटर, गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, वडिलांच्या वेळेपासूनचे. पूर्वी मशीन चालवायचे, आता बटण दाबतात आणि त्याबद्दल रोज एकदा हळहळतात. पाणी मारलं तर खुर्च्यांचा स्पंज उद्या दुपारपर्यंत वाळणार नाही, म्हणून आम्ही कोरड्या झाडूनं झाडलं. बाहेरगावच्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, तो पहिल्याच फटकाऱ्याला शिंकत पळाला असता. आम्ही नंदुरबारचे. हंगामभर आमच्या नाकात मिरचीचा खकाणा इतका बसलेला असतो की तो नसला तरच आम्हाला चुकल्यासारखं वाटतं. आम्ही मन लावून झाडलं, म्हणजे जमिनीवरचा खकाणा उचलून पंख्यांच्या पात्यांवर आणि बाल्कनीतल्या मोठ्या कूलरच्या तोंडात व्यवस्थित नेऊन बसवला.

शुक्रवारी दुपारचा पहिला शो. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून चाचांनी सगळे पंखे आणि कूलर एकदम सुरू केले. मी नेहमीप्रमाणे मागच्या दरवाज्यात उभा. पडद्यावर नावांच्या पाट्या पडत होत्या तोवर एक-दोघांना ठसका लागला. मग नाकं ओढल्याचे आवाज. हिरो आभाळातून खाली उतरला तेव्हा पुढच्या चार रांगा पदरानं नाहीतर उपरण्यानं डोळे पुसत होत्या. मोकळ्या रानात जे आम्ही सोसतो, ते बंद हॉलमध्ये पंख्यानं गरगर फिरवलं की नंदुरबारच्या नाकालाही भारी पडतं. हिरोनं जीप उचलून गुंडांवर फेकली आणि अख्खं थिएटर हमसून हमसून रडलं. माझेही डोळे वाहत होते. मला वाटलं, मी माझ्या नशिबाला रडतो आहे. गेलं थिएटर, आता घे छत्री.

तोंड लपवून कुठं जावं, असा विचार करत मी दारातच थांबलो. शो सुटला. लोक बाहेर आले ते लाल डोळे, सुजलेली नाकं घेऊन. असला पिक्चर दाखवला म्हणून कोणीतरी माझी गचांडी धरणार असं वाटून मी अंग चोरलं. एक पैलवानासारखा गडी माझ्यासमोर थांबला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "काय पिक्चर शे भो. मारामारी चालनी व्हती तरी मन्हा डोयामा पानी." त्याच्या मागचा म्हणाला, "माय मरस ना, तठेंगच रडू येस." मागून तिसरा आला, तोही आईच्या सीनवरच.

काय झालं होतं ते पुढे माझ्या लक्षात आलं. अंधारात प्रत्येकानं शेजाऱ्याला रडताना पाहिलं होतं. दिवे लागल्यावर आपण जीप फेकताना का रडलो, हे ज्याचं त्यालाच समजेना, आणि सांगायला कारण तर हवं. अख्ख्या पिक्चरमध्ये कारण म्हणावं असं एकच होतं, ती उभ्या उभ्या मेलेली आई. ती बिचारी सगळ्यांनी वाटून घेतली. आणि संध्याकाळच्या शोसाठी फाटकाबाहेर उभे असलेले लोक काय बघत होते, तर आतून शेकडो माणसं रडत बाहेर येताहेत. असली जाहिरात कोणत्या वितरकाला जमली आहे?

संध्याकाळी हाउसफुल. पाटी शोधू लागलो तर सापडेना, इतक्या वर्षांत लागलीच नव्हती. शेवटी जिन्याखाली मिळाली, मिरचीनं लालभडक झालेली. तशीच लावली.

दुसऱ्या दिवसापासून तर विचारूच नका. आखाजीचे दिवस, लग्न झालेल्या लेकी माहेरी आलेल्या. दुपारी झोके झाले, गाणी झाली की बहिणी-बहिणी, नणंदा-भावजया मिळून थिएटरात. तळोद्याहून जीपगाड्या भरभरून यायला लागल्या. तोरणमाळच्या पायथ्याची गावं आली. जाताना पुढच्या शोच्या बायकांना बजावून जायच्या, रुमाल लई जाजो, म्हणजे रुमाल घेऊन जा. बाल्कनी पहिल्या दिवसापासून भरली, कारण खरं रडू वर बसल्यावरच येतं असं गावात झालं होतं. कूलर तिथंच होता ना.

भुसावळचा माणूस रविवारी पुन्हा आला. बाकी खानदेशात पिक्चरचा जोर दुसऱ्याच दिवशी ओसरला होता आणि नंदुरबारात लोकांना परत पाठवावं लागत होतं, म्हणून त्याला वरून अभ्यास करायला धाडलं होतं. तो बाल्कनीत बसला, पूर्ण पिक्चर बघितला, आणि गॉगलच्या खालून गालावर ओघळ घेऊन उतरला. मला म्हणाला, "शेठ, इथल्या माणसात भावना शिल्लक आहेत. शहरातला प्रेक्षक कोरडा झाला. मी वर कळवतो." कॉलेजचे सर म्हणाले, आई हे आपल्या संस्कृतीचं केंद्र आहे. एक मोबाइलवाला तरुण फाटकात उभा राहून रडणाऱ्या बायांना विचारत होता, तुम्हाला काय आवडलं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो. भाईसा मात्र फिरकले नाहीत. दुकानात गेलो तर म्हणाले, "भरलं असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही."

सोमवारी सकाळी चाचांनी मला वर बोलावलं. शिडीवर चढून ते पंखा पुसत होते. हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं, ते विटकरी लाल. म्हणाले, "छोटे सेठ, पिक्चर में नहीं, पंखे में दम है."

मी ते फडकं हातात घेऊन खुर्चीत बसलो. तसं पाहिलं तर आनंदच व्हायला हवा होता, कारण कळलं होतं आणि खकाणा कमी पडला तर पोती खाली तयार होती. चाचा म्हणालेही, आणखी तीन-चार दिवस तर काढायचे आहेत, पिक्चर उतरला की धुऊ. पण आदल्या दिवशी एक लहान मुलगी डोळे चोळत नळावर ओरडत होती आणि तिची आई तिच्या डोळ्यांवर पाणी मारत होती. मी तेव्हा म्हटलं होतं, लेकरू किती हळवं आहे. ते आठवून माझी मला शरम वाटली.

"धुवायचं चाचा," मी म्हटलं.

"और भाईसा की शर्त?"

"शर्त गेली खड्ड्यात. धुवायचं."

दुपारचा शो बंद ठेवला. पाइप लावून बाल्कनी धुतली, पाती पुसली, कूलरचं गवत नवं बसवलं. खुर्च्यांचा स्पंज नंदुरबारच्या उन्हात बघता बघता वाळला. म्हणजे गुरुवारीच पाणी मारलं असतं तरी चाललं असतं. पण मग रेकॉर्ड कुठून झालं असतं, आता बोला.

त्या संध्याकाळी मी दरवाज्यात उभा राहिलो. पंखे फिरत होते, हवा स्वच्छ. पाट्या पडल्या, एक ठसका नाही. हिरो उतरला, कोणाला काही नाही. लोक चुळबुळत एकमेकांकडे बघत होते. जीप हवेत गेली आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. शेजारणीनं तिच्याकडे बघितलं आणि तिनंही लावला. मग पुढची रांग, मागची रांग. मी वर गेलो, छाती भरून हवा ओढून पाहिली. मिरचीचा कण नव्हता, आणि बाल्कनी रडत होती.

मध्यंतरात दोन बहिणी नळावर तोंड धूत होत्या. धाकटी मोठीला म्हणाली, इतकं कसं रडू येतं गं तुला इथं. मोठी म्हणाली, "घरमा रडं तं माय इचारस, सासरमा काय व्हयनं? आठे कोनी इचारत नही." आणि पुन्हा आत गेली. हे भुसावळच्या माणसाला सांगायला हवं होतं. पण तो ते वर कसं कळवणार.

आठवडा तसाच गेला. शेवटचा दिवस गुरुवार. सकाळीच तिकीटबारीवरच्या माणसानं सांगितलं की भाईसांच्या दुकानाचा माणूस येऊन संध्याकाळच्या शोची दोन तिकिटं घेऊन गेला, बाल्कनी, पहिली रांग, भिंतीकडची. मला वाटलं कोणी बाहेरचा व्यापारी आला असेल. पण संध्याकाळी पाटी लागली, दिवे मालवले, तरी त्या दोन खुर्च्या रिकाम्या. मध्यंतर झालं तरी रिकाम्या. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्यापारी कसला, हा डाव आहे. स्वतःच तिकिटं काढायची, खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या आणि उद्या म्हणायचं, भरलं कुठं, दोन रिकाम्या होत्या. सख्खा भाऊ. चाचांना म्हटलं, पिक्चर सुटला की जातो पथारीवर आणि ती छत्री त्यांच्याच डोक्यात घालतो.

पिक्चर शेवटाला आला तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. भाईसा. दुकानातून थेट आलेले, बाह्यांना मिरचीचा लाल रंग. माझ्याकडे न बघता पहिल्या रांगेत गेले. दोन्ही खुर्च्या त्यांच्याच होत्या, पण भिंतीकडच्या खुर्चीवर ते बसले नाहीत. ती सोडून शेजारच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर शेवटची मारामारी चालली होती. मी मागून बघत होतो. भाईसांनी मान थोडी त्या रिकाम्या खुर्चीकडे वळवली आणि तशीच ठेवली. मारामारी संपेपर्यंत त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. पोती त्यांनी तिथं का लावली होती, ते मला इतक्या वर्षांनी उभ्या उभ्या कळलं. ती जागा रिकामी बघवत नव्हती, म्हणून त्यांनी ती भरून टाकली होती.

दिवे लागले. ते जिना उतरले तेव्हा डोळे लालबुंद होते आणि गाल ओले. लोक बघत होते, कारण मिरचीवाल्या शेठला रडताना गावानं पाहिलंच नव्हतं. माझ्यासमोर थांबून त्यांनी नाक पुसलं.

"नीट धुतलं नाही तुम्ही," ते म्हणाले. "वर अजून मिरची आहे."

"हो भाईसा. राहिली असेल," मी म्हटलं.

थोडं पुढे गेले आणि परत वळले. "बाल्कनी भरली नव्हती. एक खुर्ची मोकळी होती."

मी वर जिन्याकडे पाहिलं.

"ती तशीच राहू दे. तिचं तिकीट विकू नको कधी. बाकी तुझं तू बघ." आणि ते गेले.

पिक्चर उतरला, नंतर किती आले आणि किती गेले. बाल्कनीत आता पूर्वीसारखीच थोडी माणसं असतात. पण नंदुरबारात आजही सांगतात की तसा पिक्चर पुन्हा होणे नाही, आणि त्याचं कारण आईचा सीन. नवीन माणूस वर आला की पहिल्या रांगेतल्या भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारतो, ही मोडकी आहे का. मी हो म्हणतो.